मरियमबीचा फोटो

कुणाचं काही चांगलं दिसलं की ते चार लोकांना दाखवल्याशिवाय साधनाताईंना अन्न गोड लागत नसे. कुणाच्या पोराला मार्क मिळोत, कुणाच्या मोदकांना सुरेख कळ्या पडोत, ताईंचा मोबाईल बाहेर आलाच म्हणून समजा. शारजातल्या स्नेहबंध मंडळात तर म्हणत की बातमीसाठी पेपर कशाला हवा, ताईंचं स्टेटस बघावं. हेतू कधी वाईट नसायचा. नसायचा म्हणूनच तर त्यांना कुणी कधी अडवलं नव्हतं.

नोकरी दुबईच्या देऱ्यात, दातांच्या दवाखान्यात, रिसेप्शनवर. रोज सकाळी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये नवऱ्याशेजारी बसून यायचं आणि संध्याकाळी त्याच ट्रॅफिकमधून परत जायचं. दवाखान्यात तहसीन नावाची नर्स होती. जम्मूच्या वरच्या डोंगरातली, सरहद्दीला अगदी चिकटलेल्या गावची. पोरगी अबोल, पण ताईंच्या डब्यातल्या भरल्या वांग्यांनी तिला बोलतं केलं होतं. अशाच एका दुपारी जेवताना तिनं आईचा फोटो दाखवला.

मातीच्या सपाट छतावर मक्याची कणसं वाळत पडलेली, मागे अक्रोडाचं झाड, आणि मध्ये एक बाई दिलखुलास हसतेय. खांद्यावर ही लांबलचक जुनी रायफल.

"अगं बाई! ये क्या है?" ताईंचा घास हातातच राहिला.

"अम्मी है दीदी. मरियमबी. गाव के पहरे पर है."

त्या डोंगरात वेगळा मुलूख मागणारी हत्यारी टोळकी फिरत. त्यांना रोखायला सरकारनं गावातल्याच माणसांना रायफली देऊन रक्षक नेमलं होतं. तहसीनचे वडील त्यांतले एक. एका पहाटे टोळक्यानं त्यांना दारातच ठार मारलं. पोलीस चौकीचे लोक रायफल परत न्यायला आले, तर मरियमबी म्हणाली, बंदूक देणार नाही, मला चालवायला शिकवा.

ताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मुझे भेज ना ये. मेरी बेटी को, शुभ्रा को दिखाऊँगी. हमारे बच्चों को कुछ पता ही नहीं."

तहसीन जरा घुटमळली. पण ज्यांच्या डब्यात रोज हात घालायचा त्यांना नाही कसं म्हणायचं? तिनं फोटो पाठवला.

शुभ्रानं तो पाहून "वाव, सो कूल," म्हटलं आणि ती पुन्हा अभ्यासाला बसली. एवढ्यावर भागतं तर ही गोष्ट सांगावी लागली नसती. पण सव्वीस जानेवारी तोंडावर होती आणि मंडळाच्या कार्यक्रमात महिला विभागाला दहा मिनिटं मिळाली होती. ताईंनी पडद्यावर मरियमबीला झळकवलं. नाव सांगितलं, गावाचं नावही सांगितलं, अगदी स्पष्ट उच्चार करून, कारण तयारी पक्की होती. सगळा हॉल उभा राहिला. ताईंचे यजमान दत्तप्रसाद हौशी माणूस. त्यांनी फोटोला ढोलताशा जोडला, वर ‘सरहद्दीची वाघीण’ लिहिलं, खाली गावाचं नाव घातलं आणि मंडळाच्या पेजवर टाकून दिलं. आठवड्याभरात ती वाघीण नाशिकच्या नणंदेकडून ताईंनाच फॉरवर्ड होऊन आली. ताई तेव्हा हरखल्या होत्या, हे सांगायलाच हवं.

मग एक दिवस तहसीन उपकरणं धुवायच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली दिसली. तोंडावर रक्ताचा टिपूस नाही.

"दीदी, कोई दो आदमी आए थे गाँव में. पड़ोसी को मोबाइल पर फोटो दिखाया, पूछा ये छत किसकी है."

"कौनसा फोटो?" ताईंनी विचारलं, आणि विचारतानाच त्यांना उत्तर कळलं.

"पहरे पर सब मुँह बाँधते हैं दीदी. किसी को पता नहीं होता कौन बंदूकवाला है. वो तो मैंने छुट्टी में खींचा था, अपने लिए."

ताईंनी त्या दुपारी दोन पेशंटची नावं चुकीची घेतली. गाडीत बसल्या बसल्या त्या नवऱ्यावर तुटून पडल्या. दत्तप्रसादांनी तिथंच, रांगेत अडकलेल्या गाडीत, पोस्ट डिलीट केली. "खलास. गेला बघ. आता शांत हो."

गेला कुठला! शुभ्रानं घरी पाच मिनिटं शोधलं आणि फोन आईपुढे धरला. कितीतरी पेजेसवर मरियमबी हसत होती. कुठे मागे भगवा झेंडा, कुठे वाघाची डरकाळी. "आई, यू कान्ट टेक इट बॅक. इट्स एव्हरीव्हेअर." ताई एकेका पोस्टची तक्रार करत बसल्या. दर वेळी उत्तर एकच यायचं, यात काही आक्षेपार्ह आढळलं नाही.

मग त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर हात जोडले: या माऊलीच्या जिवाला धोका आहे, कृपया फोटो काढून टाका. ग्रुपवर हळहळ उसळली. आणि खजिनदारांनी तासाभरात नवी पोस्ट केली: ‘या वाघिणीसाठी प्रार्थना करूया, शेअर करा.’ फोटो तोच. गावाचं नाव आता ठळक अक्षरांत. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसण्यासारखंही त्यात काही उरलं नव्हतं. ताईंनी फोन केला, त्या रडल्या, भांडल्या. खजिनदार म्हणाले, "ताई, आपण चांगल्यासाठीच करतोय ना?" हे वाक्य ताई स्वतः आजवर किती वेळा बोलल्या असतील!

तिकडे चौकीवर मरियमबीला सांगितलं गेलं, गाव सोडायचं तर रायफल जमा करून जा. रायफल हवी तर इथेच राहा. ती म्हणाली, बंदूक टाकून निघाले तर उतारावरच गाठतील. तहसीननं तिला इकडे आणायचं ठरवलं, तर आईपाशी पासपोर्टच नाही, आणि तो काढायला डोंगर उतरून शहरात जायला हवं. चारी बाजूंनी वाट बंद. पोरगी ड्युटीवर येई, ट्रे लावी, आणि दर थोड्या वेळानं आईचा फोन येऊन गेलाय का ते पाही.

शेवटी एका दुपारी डबा न उघडताच ताई म्हणाल्या, "तहसीन, मुझे तुमसे कुछ कहना है. वो फोटो..."

"मालूम है दीदी."

"कब से?"

"पहले दिन से. वो सिर्फ़ मेरे पास था. और आपके पास."

ताईंना वाटलं, हिनं शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी. ती ओरडली असती तर ताईंना निदान माफी तरी मागता आली असती.

"फिर बोली क्यों नहीं?"

"बोलके क्या होता? आपके सिवा यहाँ मेरा है कौन, जिसके पास बैठ के रोऊँ?"

मग तिनं स्वतःचा मोबाईल उघडून ताईंपुढे ठेवला. आईचे दहाबारा फोटो होते. बकऱ्यांपाशी, चुलीपाशी, शेतात. ओळख पटू नये म्हणून सगळ्यांत तोंड ओढणीत गुंडाळलेलं.

"वो एक ही था जिसमें अम्मी का चेहरा दिखता था. मैंने डिलीट कर दिया. सोचा, कहीं से तो कम हो. आप भी कर दो दीदी."

ताईंनी तो पुसला. तहसीननं डोळे मिटले आणि विचारलं, "दीदी, अम्मी के ऊपर के दाँत में थोड़ी जगह है ना, बीच में? या मैं भूल रही हूँ?"

ताईंनी तो फोटो शंभर वेळा पाहिला होता, शेकडो लोकांना दाखवला होता. त्यांना आठवेना.