दुसऱ्यांदा कोणी विचारले नाही

निघताना आत्याने भाचीच्या बॅगेत काय काय कोंबले होते, ते विमानतळावरच्या वजनकाट्याने चव्हाट्यावर आणले आणि निम्मे सामान परत घरी गेले. शिकवण तोलायला मात्र काटा नसतो. ती सगळीच्या सगळी बरोबर आली.

"बोलावल्याशिवाय कोणाकडे जायचं नाही, आणि एका बोलावण्यात उठायचं नाही," आत्या सांगत असे. "एका हाकेत पानावर बसतो तो हावरट. समोरच्यानं दुसऱ्यांदा म्हणावं, तिसऱ्यांदा म्हणावं, मग मान राखून हो म्हणावं." आईच्या माघारी आत्यानेच तिला वाढवले होते, आणि त्या घरात आत्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

भाची स्थापत्य अभियांत्रिकी शिकत होती. दोन विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीचा करार होता, त्यातून एका सत्रापुरती ती परदेशी आली होती. वसतिगृहात तिला खोली मिळाली. पलंग, टेबल, एक खिडकी, आणि खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. स्वयंपाकघर मजल्यावर सगळ्यांचे मिळून एक. पहिल्याच संध्याकाळी ती तिथे पाणी भरायला गेली, तेव्हा चारपाच जण जेवायला बसले होते. त्यांतल्या एकीने सरकून बाकावर जागा केली.

"बसतेस आमच्याबरोबर? भरपूर आहे."

पोटात कावळे ओरडत होते. भाची हसून म्हणाली, "नको नको, माझं झालंय."

"बरं," ती मुलगी म्हणाली, आणि सरकली होती तशी परत जागेवर आली.

भाचीने नळ मुद्दाम बारीक सोडला. बाटली काठोकाठ भरली, वरून सांडू लागली, तरी दुसऱ्यांदा कोणी विचारले नाही. घरी एव्हाना कोणी हाताला धरून पानावर बसवले असते, वर "लाजतेस काय, परकी आहेस का?" म्हणून दटावलेही असते. खोलीत येऊन तिने कोरडी बिस्किटे खाल्ली आणि पुड्याचा कागद घडी घालून ठेवून दिला.

पुढे तेच होत गेले. फिरायला येतेस? नको, तुम्ही जा. छत्री देऊ? नको, जवळच जायचंय. आणि ओलीचिंब होऊन ती परत यायची. हळूहळू विचारणेच थांबले. माणसे वाईट होती असे मुळीच नाही. ती जिन्यात हसत, दार धरून उभी राहत. पण दार ओलांडले की ज्याची त्याची वाट वेगळी. भिंतींना कान असतात म्हणे. भाचीच्या खोलीच्या भिंतींना तेही नसावेत.

अशात भूमापनाच्या वर्गात प्राध्यापकबाईंनी फर्मान काढले. "मैदानावरचं काम जोडीनं करायचं. एकानं तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावायचा, दुसऱ्यानं लांब जाऊन आकड्यांची उंच काठी सरळ धरून उभं राहायचं. एकट्यादुकट्याचं हे काम नाही. जोड्या तुमच्या तुम्ही लावा, लग्नं जुळवायला मी बसलेली नाही. शुक्रवारपर्यंत ज्याची जोडी नाही, त्याला या विषयात गुण नाहीत."

गुण नाहीत, तर घरच्या कॉलेजात हे सत्र धरलेच जाणार नव्हते. निवड झाली तेव्हा आत्या आळीभर सांगत फिरली होती. आता हात हलवत परत जायचे, तर तोंड कुठे लपवायचे?

पुढच्या बाकावरून लाल टोपीवाली मुलगी मागे वळली. "माझ्याबरोबर करशील?"

भाचीच्या जिवात जीव आला. आणि जिभेने घात केला. "तुझं कोणाशी तरी ठरलं असेल ना? माझ्यामुळे अडचण नको."

"बरं," म्हणून लाल टोपी पलीकडे वळली.

त्या संध्याकाळी आत्याचा फोन आला. "काय राणीसाहेब, झाली का एखादी मैत्रीण?"

"होईल गं."

"होईल म्हणजे? चुलीवर ठेवली आहेस का शिजायला?"

"आत्या, मैदानावरच्या कामाला जोडीदार हवाय, आणि इथे कोणी आग्रहच करत नाही. एकदा विचारतात, नको म्हटलं की संपलं."

"संपलं? आणि मग तू उपाशी?"

"नाही गं, जेवते मी," भाची खोटे बोलली.

 आत्या म्हणाली, "बघ बाई. मी काही त्या मुलखात राहिले नाही. तिथलं मला कळत नाही."

'मला कळत नाही' हे शब्द आत्याच्या तोंडून भाचीने जन्मात ऐकले नव्हते. फोन ठेवल्यावर तिला प्रथमच खरी भीती वाटली. आजवर आत्या निदान पाठीशी तरी उभी होती.

दुसऱ्या दिवशी तिने मानपान बाजूला ठेवला आणि लाल टोपीला गाठले. "मी करते तुझ्याबरोबर."

"अगं, पण तू नको म्हणालीस! माझी जोडी झाली." बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच अधिक लागले.

"मनापासून नको नव्हतं मला."

"मग नको का म्हणालीस?"

यावर काय सांगणार? आत्याला इथे आणून उभे केल्याशिवाय ते कोणाला समजणारे नव्हते.

"तो मागचा उंच मुलगा उरलाय," लाल टोपी म्हणाली. "त्याला विचारून बघ."

हा मुलगा वर्गात कधी तोंड उघडत नसे. भाचीने मनातल्या मनात त्याचे नाव मौनीबाबा ठेवले होते. वर्ग सुटल्यावर तिने त्याला जिन्यात थांबवले.

"माझ्याबरोबर काम करशील?"

"नको."

भाची वळली, चार पायऱ्या उतरलीही. पण पाय अडखळले. पाहुण्याचा पहिला नकार आत्याच्या घरात कोणी कधी मोजलाच नव्हता. ती परत वर आली.

"का नको?"

"गेल्या वर्षी याच विषयात नापास झालो. माझ्याबरोबर तूही बुडशील."

"बुडेन तर बुडेन. काठी मी सरळ धरते. येतोस?"

"दुसरं कोणी बघ."

"दुसरं कोणी बघायचं असतं तर पायऱ्या चढून परत आले असते का? येतोस ना?"

मौनीबाबाने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. "मला कोणी दोनदा विचारत नाही," तो म्हणाला.

"तीनदा विचारलंय. आता अंत पाहू नकोस."

दोघे मिळून कार्यालयात गेले आणि जोडी नोंदवून आले.

सोमवारी मैदानावर बोचरा वारा होता. भाची पार कुंपणापाशी काठी धरून उभी राहिली. दुर्बिणीमागचा मौनीबाबा तिथून अंगठ्याएवढा दिसत होता. हाक मारली तरी पोहोचली नसती. तो नुसता हात हलवी: जरा डावीकडे, आता सरळ, थांब. इतके दिवस ती एकटी होती तशीच इथेही एकटी होती, आसपास चिटपाखरू नव्हते. पण ती सरळ उभी आहे की कलली आहे, हे त्या टोकाला कोणीतरी डोळा लावून पाहत होते. तिने काठी घट्ट धरली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तीच मंडळी जेवत होती. 'मी बसू का?' हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच राहिले. तेवढे धैर्य उद्यावर ढकलून ती ताट घेऊन खोलीत आली, तोच फोन वाजला.

"मिळालं का कोणी जोडीला?" आत्याने नमनालाच विचारले.

"मिळाला एक. मीच बोलावलं."

"तू बोलावलंस?" आत्याचा आवाज चढला. "आणि तो एका हाकेत आला?"

"नाही गं. नको नको म्हणत होता. तीनदा विचारावं लागलं."

आत्याचा आवाज लगेच खाली आला.

"मग चांगल्या घरचा दिसतोय," आत्या म्हणाली. "उद्या वेळेवर जा. आणि काय गं, जेवलीस का? खरं सांग."