अक्रोडाशिवाय

भावाचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या पँटची कंबर उसवत होते. लोकांची पोटं सुटतात आणि त्यावर माझं पोट भरतं, असा माझा धंदा आहे.

"ताई, आज दुपारी आमच्याबरोबर जेवायला चल," भाऊ म्हणाला. "तळ्याकाठचं ते रिसॉर्ट आहे ना, तिथे. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. तुझ्याशिवाय कसलं जेवण!"

फोन ठेवल्यावर ते शेवटचं वाक्य मी एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं. दुकानात ऐकायला शिलाई मशीनशिवाय कोणी नव्हतं. मग पँट तशीच टाकली, दाराला ‘आज बंद’ची पाटी अडकवली आणि कपाटातली निळी साडी काढली. या साडीला बाहेर जायची संधी फार येत नाही. तिच्या मालकिणीलाही येत नाही.

भावाला मी गोट्या म्हणते. लहानपणी डोकं तुळतुळीत होतं म्हणून म्हणायची, मध्ये काही वर्षं ते नाव शोभत नव्हतं, आता परत शोभायला लागलंय. त्याची गाडी आली. पुढे भावजय, मागे भाचा आणि भाची, आणि त्या दोघांच्या मध्ये मी. रस्ताभर भाचा फोनमध्ये आणि भाची आरशात. तरी मला बरं वाटत होतं. दोन्हीकडून कुणाचा तरी खांदा लागत होता.

रिसॉर्टचं रेस्टॉरंट म्हणजे सगळी काच. बाहेर तळं, आत एवढी शांतता की चमचा ठेवतानाही माफी मागावीशी वाटावी. मी आधी नॅपकिनची शिवण उलटून पाहिली. हाताची होती, एकसारखी. वेटरच्या कोटाच्या बाह्या मात्र कुणीतरी घाईत आखूड केल्या होत्या. सवय आहे, जात नाही. प्रत्येकापुढे काटे-चमच्यांची पलटण उभी होती. भाचीने हळूच सांगितलं, "आत्या, बाहेरून आत यायचं." मी म्हटलं, "आयुष्यभर तेच करतेय गं, अजून आत पोचले नाही." ती हसली. चला, सुरुवात बरी झाली.

इथे मेनू मागायचा नसतो. ते आणतात ते खायचं, अगदी आईच्या घरासारखं, फक्त आई असं गुळगुळीत बोलत नाही. पहिलं सूप आलं. थाळी परातीएवढी आणि मधल्या खळग्यात सूप चार चमचे. पाचही थाळ्या एका क्षणी टेबलावर टेकल्या. बाकी चौघांच्या सुपावर अक्रोडाचा चुरा होता. माझ्यात नव्हता. माझ्या थाळीच्या कडेला एक छोटी लाल काडी लावलेली होती.

"मॅडम, तुमचं अक्रोडाशिवाय," वेटर माझ्या कानाशी वाकून म्हणाला. "बुकिंग करताना सांगितलं होतं."

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, गोट्याने सांगितलं! मागच्या महिन्यात फोनवर मी त्याला म्हटलं होतं की मागची दाढ काढली, टणक काही चावत नाही. तेव्हा तो नुसतंच "हं हं" करत होता. पण ऐकलं होतं म्हणायचं. माझ्या दाढेची आठवण ठेवून त्याने एवढ्या मोठ्या हॉटेलात निरोप दिला. त्या चार चमच्यांनी माझं पोट भरलं.

आणि अक्रोडच निघावेत, याचंही हसू आलं. आमच्या लहानपणी बाबा कधीतरी अक्रोडांची पिशवी आणायचे. फोडायला घरात काही नव्हतं. मग मी अक्रोड दाराच्या बिजागरीच्या फटीत धरायची आणि दार लोटायची. कट्ट! गर गोट्याला, चुरा मला. दाराची वाट लागली म्हणून बोलणीही मलाच. एकदा गोट्याला धीर निघेना, त्याने स्वतःच दार लोटलं आणि फटीत माझा अंगठा होता. नख गेलं ते गेलंच, पुन्हा आलं ते मधून दुभंगून, वाकडं. माझ्याहून जास्त तोच रडला होता. त्याला गप्प करायला मी डाव्या हाताने अक्रोडाचा गर भरवला होता. ते नख आता टाके उसवायला बरं पडतं.

दुसरी थाळी आली, पुन्हा लाल काडी. भावजय जेवायच्या आधी प्रत्येक थाळीचा फोटो काढत होती, म्हणजे निदान फोटोचं तरी पोट भरत असावं. तेवढ्यात भाचीचा फोन थरथरला. तिने वाचलं आणि फिसकन हसत मोठ्याने म्हणाली, "आई, मावशी विचारतेय, माझ्या खुर्चीत आत्या नीट बसली ना?"

भाच्याने तिला टेबलाखालून पाय मारला, तो चुकून मला लागला.

"अहो ताई, तिचं आपलं काहीतरी," भावजय घाईने म्हणाली. "काल रात्री ताप भरला तिला. मग म्हटलं, जागा कशाला रिकामी... म्हणजे तुम्हाला तर बोलवायचंच होतं आम्हाला."

"बोलवायचंच होतं," गोट्या पाण्याच्या ग्लासात बघत म्हणाला.

"अगं, असू दे. मला काय, जेवणाशी मतलब," मी म्हणाले. असं आपण म्हणतो. लाल काडी मात्र डोळ्यांत खुपत होती. ती मावशीची काडी होती, बुकिंगच्या वेळी भावजयीने सांगून ठेवलेली. अक्रोड तिला चालत नव्हते. माझी दाढ कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती.

वेटरला बोलावून सांगता आलं असतं, बाबा रे, मी ती नव्हे, आण तुझे अक्रोड. पण मी सांगितलं नाही. मनाशी ठरवलं, काडी राहू दे. गोट्याला दिसू दे. त्याने एकदा नुसतं म्हणावं, "अरे, ताईला अक्रोड का नाही? ती तर अक्रोडवाली!" एवढं म्हटलं की बाकी सगळं माफ. मावशीची खुर्ची, सकाळचं गोड वाक्य, सगळं. तिसरी थाळी आली, चौथी आली. मी हात मुद्दाम टेबलावर ठेवला, वाकडं नख वर करून. माझी मलाच लाज वाटली, पण हात काढला नाही. गोट्या जेवण चांगलं जेवत होता. लहानपणीही तसाच जेवायचा.

शेवटचं गोड यायच्या आधी भावजय मुलांना घेऊन तळ्यापाशी फोटो काढायला गेली. टेबलावर आम्ही दोघंच उरलो. किती वर्षांनी, कोण जाणे. वेटरने त्याच्यापुढे अक्रोडांनी मढवलेला केक ठेवला आणि माझ्यापुढे कापलेली फळं. फळांत लाल काडी.

गोट्याने पाहिलं. एकदाचं पाहिलं.

"ताईला केक नाही?"

"मॅडमना अक्रोड चालत नाहीत, सर," वेटर म्हणाला.

"हो का?" त्याने माझ्याकडे वळून अगदी काळजीने विचारलं. "ताई, मला बोलली नाहीस कधी! कधीपासून?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. थट्टा करत असेल म्हणून थांबले. थट्टा नव्हती.

त्याने आपली थाळी लांब सरकवली. टेबलावर सांडलेले दोन कण बोटाने टिपून उचलले. ते टिपताना त्याचं बोट माझ्या अंगठ्याला लागून गेलं. मग त्याने आपल्या नॅपकिनने माझ्यापुढची जागा नीट पुसून काढली.

"जपायला हवं गं या वयात," तो म्हणाला. "एक कणही पोटात जाता कामा नये."

इतकी काळजी त्याने माझी आयुष्यात कधी घेतली नव्हती, आणि ही घेतली तीसुद्धा माझी नव्हती.

"बरेच दिवस झाले," मी म्हटलं आणि अंगठा मुठीत मिटून घेतला. "तू खा. तुला आवडतात ना."