दु. ३ वा., बावा

शरच्चंद्र देगावकरांनी छत्तीस वर्षं शाळेच्या कचेरीत काढली, त्यातली शेवटची दहा हेडक्लार्क म्हणून. त्या काळात त्यांनी खोटे जन्मदाखले पकडले, आजारपणाच्या खोट्या चिठ्ठ्या पकडल्या आणि एकदा तर पालकसभेला आलेला खोटा बापही पकडला. माणूस तसा भला, पण संशय घेण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. फक्त बायकोवर संशय घ्यायची वेळ कधी आली नव्हती. अनसूयाबाईंबद्दल आपल्याला ठाऊक नाही असं आता काही उरलेलंच नाही, अशी त्यांची पक्की खात्री होती. बिचारे!

झालं असं, की त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघात एका रविवारी कार्यक्रम ठेवला होता : 'माझा आवडता सिनेमा आणि तो का आवडला.' प्रत्येकाला तीन मिनिटं. तीन मिनिटं झाली की सेक्रेटरी गुरुसिद्धप्पा घंटी वाजवणार. हा नियम शरच्चंद्रांनीच घालून दिला होता, नाहीतर म्हातारी माणसं जेवणाच्या वेळेपर्यंत बोलत बसतात. ते स्वतः सगळ्यांत आधी बोलले. लग्नानंतर जोडीनं पाहिलेला सिनेमा, त्यातला शिस्तीचा बाप, त्याची तत्त्वं वगैरे. टाळ्या पडल्या. मग अनसूयाबाई उठल्या. बायकोही तोच सिनेमा सांगणार म्हणून हे मान डोलवायच्या तयारीत बसले.

"माझा आवडता सिनेमा तेलुगू आहे," अनसूयाबाई म्हणाल्या. "नाव मला सांगता यायचं नाही. बोर्डावर तेलुगू अक्षरं असायची. पण मी तो सात वेळा पाहिलाय."

सात वेळा! शरच्चंद्रांची मान डोलता डोलता मध्येच थांबली. अनसूयाबाई मात्र रंगात आल्या होत्या. एक विणकर, त्याची बायको, त्यांचा माग, पुरात वाहून गेलेलं घर, सगळं हातवारे करून सांगत होत्या. एवढं बोलताना त्यांना नवऱ्यानंही कधी पाहिलं नव्हतं.

"वैनी, तुमाला तेलुगू येतंय काय?" गुरुसिद्धप्पानं विचारलं.

"तेव्हा कुठलं यायला! शेजारी बसून एकेक वाक्य सांगायचं की कुणीतरी. आणि त्यातलं एक वाक्य असं होतं, की..."

टण्ण! घंटी वाजली. नियम म्हणजे नियम.

"काय ओ देगावकर, शेजारी तुमीच बसत होता काय?" गुरुसिद्धप्पा खो खो हसला. सगळा हॉल हसला. शरच्चंद्रही हसले, पण ते हसू ओठांच्या आत गेलं नाही. कुणीतरी! म्हणजे बाई की बाप्या? मराठीत तीन-तीन लिंगं असताना या बाईनं नेमकं नपुंसकलिंग का वापरावं?

परतताना रिक्षात त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कोण गं ते कुणीतरी?"

"होतं हो एक. तुम्ही माढ्याला होतात ना, तेव्हाचं आहे," असं म्हणून त्या बाहेर बघायला लागल्या. शरच्चंद्रांनी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं म्हणजे आपण घाबरलोय हे कळतं.

आणि ते घाबरलेच होते. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांची बदली माढ्याच्या शाळेत झाली होती. दोन वर्षं ते शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. सोलापुरात बिऱ्हाडी त्यांची आई आणि अनसूया. तेव्हा अनसूया दर गुरुवारी दुपारी शिवणक्लासला जायची. शिवणक्लास! अंथरुणावर पडल्या पडल्या शरच्चंद्रांना एकदम दिसलं, की दोन वर्षं क्लासला गेलेल्या या बाईनं चाळीस वर्षांत एक ब्लाउज शिवला नव्हता. साधी उशीची खोळसुद्धा शिंप्याकडं जायची.

एकदा डोक्यात किडा वळवळला की मग काय! अजूनही दर गुरुवारी दुपारी अनसूयाबाई दत्ताच्या देवळात जायच्या. परत यायच्या तेव्हा हातात प्रसाद कधी नसायचा आणि साडीला तंबाखूचा वास यायचा. इतकी वर्षं तो वास त्यांनी रिक्षावाल्याच्या माथी मारला होता. हेडक्लार्क म्हणे!

मंगळवारी ते पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशीच खिळले. अनसूयाबाई फोनवर बोलत होत्या, हळू आवाजात, हसत हसत, आणि तेलुगूत! चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईच्या तोंडून परकी भाषा नळाच्या पाण्यासारखी वाहत होती. त्यातले दोनच शब्द त्यांच्या कानाला ओळखीचे वाटले. एक 'बावा'. तो तर चार वेळा आला. आणि दुसरा दाराशी येता येता ऐकलेला : 'तीन वा.'

आता आयुष्यभर नोटिसा लिहिलेल्या माणसाला 'तीन वा.' म्हणजे काय हे सांगायला नको. त्यांनी खोलीत जाऊन औषधाच्या चिठ्ठीमागं लिहिलं : 'गुरुवार, दु. ३ वा., बावा.' राग आला असता तर बरं झालं असतं. पण राग येत नव्हता. जिच्या हातचं चाळीस वर्षं खाल्लं ती बाई कधी आपली होती की नाही, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

गुरुवारी अडीचला अनसूयाबाई निघाल्या. पाठोपाठ हे. दत्ताचं देऊळ आलं आणि मागं पडलं. पुढची रिक्षा थांबली नाही.

"और आगे?" रिक्षावाल्यानं मान वळवून विचारलं. "चच्चा, मामला क्या है?"

"तुम्ही रिक्षा चालवा," शरच्चंद्र म्हणाले. एरवी त्यांनी त्याला गणवेश का नाही म्हणून झापलं असतं.

सोलापूरचा पूर्व भाग आला, तेलुगू विणकरांची वस्ती. दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची खडखड सुरू झाली. एका बोळाच्या तोंडाशी अनसूयाबाई उतरल्या, निळ्या दारासमोर चपला काढल्या आणि कडीही न वाजवता आत गेल्या. आपल्याच घरात जावं तशा! शरच्चंद्र दारापाशी जाऊन उभे राहिले. आतून तोच वास आला, साडीचा. तंबाखू. घड्याळात तीनला दोन मिनिटं कमी होती. त्यांनी डोळे मिटले आणि दार ढकललं.

आत एक काटकुळी म्हातारी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसली होती. तिच्यासमोर फतकल मारून अनसूयाबाई कात्रीनं पानं कापत होत्या. सराईतपणे. म्हातारीनं वर पाहिलं आणि सूप सावरत ओरडली, "अय्यो! अक्का, बावा आले की ओ! बावा आले!"

शरच्चंद्रांनी गर्रकन मागं वळून पाहिलं. मागं बोळ रिकामा होता.

"कुठाय?" ते गरजले.

"कोण?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"तो बावा!"

दोघी बायका एकमेकींकडं बघायला लागल्या आणि मग अशा हसत सुटल्या, की म्हातारीला ठसका लागला. "अहो, तुम्हीच!" अनसूयाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "ही सुंदरम्मा. आपल्या जुन्या बिऱ्हाडामागं राहायची. मी हिची अक्का, थोरली बहीण. तेलुगूत अक्काच्या नवऱ्याला बावा म्हणतात. चाळीस वर्षं तुम्ही हिचे बावा आहात."

पण कारकून सहजासहजी पुरावा सोडत नाही. शरच्चंद्रांनी खिशातून चिठ्ठी काढून पुढं धरली. "आणि हे? फोनवर म्हणालीस, तीन वाजता. मी माझ्या कानांनी ऐकलं."

अनसूयाबाईंनी चिठ्ठी वाचली. त्यांचं हसू हळूहळू ओसरलं.

"तीन वा. नाही हो," त्या म्हणाल्या. "तिन्नावा. म्हणजे, जेवलीस का?"

सुंदरम्माचे हातही थांबले.

"सिनेमातलं तेच वाक्य सांगणार होते मी, घंटी वाजली तेव्हा. तो विणकर भांडून आलेला असो, भिजून आलेला असो, दारात पाय टाकला की बायकोला पहिलं हेच विचारायचा. तिन्नावा? हिनं मला पहिल्यांदा अर्थ सांगितला तेव्हा वाटलं, ही माझी थट्टा करतेय. असं कुणी बायकोला विचारतं होय? म्हणून खात्री करायला परत गेले. मग परत. सातही वेळा विचारलं त्यानं."

"आणि शिवणक्लास?"

"पहिल्याच महिन्यात सोडला. बिड्या वळणाऱ्या बाईबरोबर सिनेमाला जाते म्हटलं असतं, तर आईंनी घर डोक्यावर घेतलं असतं."

"मला तर सांगायचंस."

"कधी? तुम्ही शनिवारी यायचात, आई जेवल्या का विचारायचात आणि पाटावर बसायचात. मग हे माझं एकटीचंच राहिलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता.

सुंदरम्मानं सूप बाजूला ठेवलं. "बावा," ती मोठ्या अदबीनं म्हणाली, "तिन्नारा?"

त्यांनी मान हलवली. हो, जेवलो.

परतीच्या रिक्षात शरच्चंद्र आठवत होते. मुलगी झाली तेव्हा? आई गेली त्या दिवशी? मोठ्या आजारपणातून ती उठली तेव्हा तरी? चाळीस वर्षांतला एक दिवस त्यांना हवा होता, फक्त एक, आणि तो सापडेना.

संध्याकाळी अनसूयाबाईंनी नेहमीसारखं त्यांचं ताट वाढलं, वर तुपाची धार सोडली आणि ओट्याकडं वळल्या. शरच्चंद्रांनी घास उचलला नाही. घसा दोनदा खाकरला.

"तू जेवलीस का?"

अनसूयाबाई वळल्या. नवऱ्याकडं त्यांनी असं पाहिलं, जसं शरच्चंद्र खोट्या दाखल्याकडं पाहत असत : आधी सही, मग शिक्का, मग पुन्हा सही.

"नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमच्या आधी मी कधी जेवले?"

शरच्चंद्र उठले आणि मांडणीपाशी गेले. ताटं रचून ठेवली होती, सहा-सात. त्यांचा हात पुढं झाला आणि तसाच राहिला. यातलं तिचं कुठलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"तुझं ताट कुठलं गं?" त्यांनी विचारलं.

अनसूयाबाई अजून त्यांच्याकडं तशाच बघत होत्या, विश्वास ठेवावा की नाही अशा. "सगळ्यांत खालचं," त्या म्हणाल्या. "कड चेपलेलं."

त्यांनी ते काढलं, स्वच्छ होतं तरी पुन्हा धुतलं आणि आपल्या ताटाशेजारी मांडलं.