साठात एक

मी एक बरणी बोलतेय. काचेची, पोटाने मोठी, आणि हात सहज आत जाईल एवढ्या रुंद तोंडाची. माझ्यात कुणी साखर भरली नाही की डाळ. माझ्यात माणसं राहिली. म्हणजे त्यांचे नंबर, घडी घातलेल्या चिठ्ठ्यांवर लिहिलेले.

जन्म भट्टीतला. तापलेल्या काचेत एका कारागिराने फुंकर मारली आणि मी फुगले. पुढे काही वर्षं एका दुकानात रंगीत गोळ्या सांभाळल्या. ते दुकान बंद पडलं आणि मालकाने सामान रस्त्याकडेला विकायला मांडलं, तेव्हा बाईंनी मला उचललं. मनगटापर्यंत हात आत घालून पाहिला आणि म्हणाल्या, "अगदी अशीच हवी होती मला."

बाई पाहण्या करायच्या. कारखान्यांत, कचेऱ्यांत जाऊन काम करणाऱ्यांना विचारायचं, तब्येत कशी आहे, कामाचा त्रास काय होतो. सगळ्यांना विचारायला सवड नसते, म्हणून थोडेच निवडायचे. आणि निवडायची वेळ आली की माणसं काय काय करतात, ते मी पाहिलंय. मुकादम म्हणतो, "याला विचारा, हा छान बोलतो." साहेब म्हणतात, "कँटीनमध्ये बसलेत त्यांनाच विचारून टाका, लवकर उरकेल." एखादा आपणहूनच पुढे येतो आणि घरमालकाशी चाललेलं भांडण सांगत बसतो. बाई सगळ्यांचं ऐकून घेत आणि मला टेबलावर ठेवत. प्रत्येकाची एक चिठ्ठी, सगळ्यांची घडी सारखी. मला गदागदा हलवायचं, डोळे मिटायचे आणि काढायचं.

"हिच्याकडे ना ओळख चालते, ना वशिला," बाई म्हणत. मला केवढा अभिमान वाटायचा!

मग तो बुटांचा कारखाना आला. कापणारे, शिवणारे, खोक्यांत भरणारे अशी मिळून सहाशे माणसं. मागच्या अंगाला एक खोली होती, तिथे बुटांना तळवे चिकटवायचे. तिथे माणसं अकराच. चिकटवायच्या त्या पातळ पदार्थाला सगळे नुसतं सोल्युशन म्हणत. वास असा की दारातच डोकं धरावं. पण खिडकी बंदच ठेवायची, कारण धूळ बसली तर तळवा नीट धरत नाही.

सहाशेंतून साठ काढायचे ठरले. कँटीनमधल्या वाढप्याने डोळे गच्च मिटून चिठ्ठ्या काढल्या. मागच्या खोलीतल्या अकरांपैकी एकीचीच निघाली.

तिला सगळे भिंगरी म्हणत. चाळिशीची असेल, पण पायाला जरा उसंत नाही. खोलीतून गोदामात, गोदामातून खोलीत, नुसती गरगर.

"माझी चिठ्ठी? जन्मात पहिल्यांदा कशात तरी नंबर लागला बघा!" ती हसतच समोर बसली.

बाईंनी विचारलं, "हातापायांना काही त्रास?"

तिचं हसू जरा ओसरलं. "आता सांगू का? चालताना चप्पल पायातून निघून जाते आणि मला कळतच नाही. परवा रस्त्यात नणंद ओरडली, 'अगं वहिनी, एका पायात चप्पलच नाही तुझ्या!' हसून हसून आमची पुरेवाट झाली. घरी येऊन पाहते तर तळपायात हा एवढा खिळा." ती आपल्या बोटांकडे बघत राहिली. "दुखलंच नाही हो."

"खोलीतल्या बाकीच्यांना?"

"मुंग्या येतात म्हणतात. पण त्यांचं मी कशाला सांगू? त्यांची चिठ्ठी निघाली की सांगतील ते."

त्यांची चिठ्ठी निघाली नाही. ती माझ्याच तळाशी पडून राहिली.

अहवालात एक ओळ आली. हातापायांना बधिरपणा, साठात एक. मॅनेजरांनी ती वाचली आणि पान उलटलं. "साठात एक म्हणजे नसल्यातच जमा."

"तसं नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "त्या खोलीतलं एकच माणूस माझ्या हाताला लागलं, आणि नेमकं त्यालाच त्रास आहे. खोली लहान आहे, म्हणून सगळ्यांत मिसळली की दिसेनाशी होते. त्या अकराही जणांना मला वेगळं विचारू द्या."

मॅनेजर हसले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बरणी तुमची, चिठ्ठ्या तुमच्या. सगळ्यांना सारखी संधी, हे तुम्हीच सांगितलंत ना? आता मनासारखं निघालं नाही म्हणून पुन्हा काढायच्या?"

बाईंनी मला उचलून पिशवीत ठेवलं. माझ्या निःपक्षपातीपणाचं एवढं कौतुक होतं मला, आणि मॅनेजरांनी तोच दारासारखा भिंगरीच्या तोंडावर लावून घेतला होता. परतताना बसमध्ये बाईंनी मला मांडीवर घेतलं. "तुझं काही चुकलं नाही गं," त्या पुटपुटल्या. "खोल्याखोल्यांच्या चिठ्ठ्या मीच आधी वेगळ्या करायला हव्या होत्या. मोठ्या खोल्यांतून थोडे काढायचे, लहान खोलीतले सगळेच घ्यायचे."

पुढे अर्ज झाले, फोन झाले, हेलपाटे झाले. परवानगी मिळाली तेव्हा मॅनेजरही बदलले होते. या वेळी त्या खोलीतल्या सगळ्यांनाच विचारायचं होतं. माझं काही काम नव्हतं, तरी बाईंनी मला पिशवीत घेतलंच. मागच्या खोलीत माणसं अकराच होती, पण बहुतेक नवी, कोवळी. सगळी म्हणाली, आम्हाला काही त्रास नाही.

नव्या मॅनेजरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बाई मात्र खोलीभर नजर फिरवत होत्या. "भिंगरी कुठे आहे?"

"तिनं सोडलं," कुणीतरी म्हणालं. "पाय चालेनात तिचे."

"आणि तिच्या बरोबरचे?"

एकाने हजेरीपट पुढे केला; जुनी नावं खोडलेली होती. हजेरीपटावरून नाव गेलं की चिठ्ठी होत नाही. ज्यांना सांगायचं होतं ते त्या खोलीत उरलेच नव्हते.

त्याच पावली बाई पत्ता काढत भिंगरीच्या घरी गेल्या. ती खिडकीजवळ खुर्चीत बसली होती आणि नणंद तिची वेणी घालत होती, कारण केसांचे पेड तिच्या बोटांना सापडत नव्हते. बाईंनी पिशवी खाली ठेवली. तिने मला ओळखलं, मांडीवर मागून घेतलं आणि हात आत घातला. तळाशी एक जुनी चिठ्ठी अडकली होती. तिची बोटं त्या चिठ्ठीवरूनच फिरत राहिली आणि तिला ती लागलीच नाही.

"माझी चिठ्ठी निघाली तेव्हा वाटलं, आता होईल काहीतरी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच ऐकवेना. "बाई, मी एकटीनं सांगितलं म्हणून ते खरं नव्हतं का?"

नणंदेचे हात वेणीत थांबले. बाईंनी वही उघडली आणि सोडून गेलेल्यांचे पत्ते विचारले.

त्यानंतर बाई सोडून गेलेल्या एकेकाच्या दारात गेल्या. कुणाला जिना चढवत नव्हता, कुणाला बटण लागत नव्हतं. सगळं लिहून त्यांनी ते मालकांपुढे ठेवलं. सोल्युशन बदललं, खोलीला पंखे बसले. नव्या पोरांचे पाय वाचले. भिंगरी आता भिंतीला धरून घरात चार पावलं टाकते. यापुढे फार फरक पडणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

बाई निवृत्त झाल्या. मी कचेरीतच राहिले. काठाला टवका उडालाय, पोटात पेनं आणि तुटकी पट्टी आहे. आता नंबर संगणक काढतो. न हलवता, न डोळे मिटता, क्षणात. माझ्याहून चोख काढतो, मला त्याचा हेवा नाही.

काल एक नवी मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली, "झाली निवड!" आणि चहाला उठली. तिला हाक मारावीशी वाटली. तिच्या यादीत कोण आलंच नाही, कोणती लहान खोली मोठ्या घोळक्यात बुडाली, आणि कोण केव्हाच घरी जाऊन बसलंय, हे विचारायचं होतं. मला तोंड आहे, पण आवाज नाही.

तुम्हाला आहे. ती चहा घेऊन येईलच आता. तेवढं विचाराल तिला?