पाखराच्या पंखावरचा डाग

आमच्या ह्यांच्या नाण्यांच्या कपाटाला हात लावायचा तर आधी साबणानं हात धुवायचे, कोरडे करायचे आणि मग ह्यांचं तोंड बघायचं. ते हसरं असेल तरच पुढे. एकेक नाणं चपट्या, पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत. डबी हे स्वतःच दाबून बंद करत. टक् असा आवाज आला की संपलं. परत उघडायची तर फोडावीच लागते.

सूनबाई घरात नवी होती तेव्हा मोठ्या हौसेनं तिनं ते कपाट पुसून लख्ख केलं. पुढं काही दिवसांनी ह्यांना आपल्या लाडक्या नाण्यावर धुरकट डाग दिसला. पंख पसरलेल्या पक्ष्याचं नाणं ते, हे त्याला ‘पाखरू’ म्हणत. डाग नेमका पंखावर.

“घासून घासून डबीची वाट लावली!” हे कडाडले, आणि किल्ली जी कमरेला गेली ती गेलीच. पोर एका शब्दानं उलटून बोलली नाही. तिचा धंदाच वस्तूंचे फोटो काढायचा. परकी माणसं दागिने तिच्या भरवशावर टाकून जातात, आणि घरातल्या कपाटापुढून ती अंग चोरून जायची. माझं आतडं तुटायचं. देवाला रोज सांगायचे, बाबा रे, ह्यांच्या डोळ्यांवरची ही झापड काढ.

तर झालं असं, की संग्राहक मंडळाच्या वार्षिक अंकावर पाखराचा फोटो छापायचं ठरलं. फोटो आजच हवा, आणि मंडळाचा फोटोवाला तापानं अंथरुणात.

“घरात एक फोटोवाली आहे,” मी म्हटलं, “पण तिच्या हातांना काटे आहेत ना!”

ह्यांनी कमरेला बांधलेल्या किल्लीनंच वाकून कपाट उघडलं. मग डबी रुमालात गुंडाळून निघाले. मीही चपला सरकवल्या. अशी संधी सोडते होय मी!

सूनबाईच्या स्टुडिओत खिडकीला जाड पडदा होता. उभ्या दांडीवर कॅमेरा खाली तोंड करून बसवलेला, दोन बाजूंना दोन दिवे, शेजारी संगणकाचा मोठा पडदा. तिनं डबी कडेनं धरली, मऊ कुंचल्यानं धूळ झटकली, मातीच्या छोट्या गोळ्यावर किंचित तिरकी टेकवली.

“सपाट ठेव की,” हे म्हणाले.

“सपाट ठेवली तर प्लॅस्टिकमध्ये कॅमेराच दिसतो, बाबा. आणि जरा मागे सरता का? तुमचा पांढरा सदरा चमकतोय त्यात.”

हे इंचभर सरले. तिनं भिंग फिरवलं. मोठ्या पडद्यावर पाखरू उमटलं, पिसापिसासकट. आणि त्याच्या पंखावर उमटला एक अंगठा! रेघांची वलयं स्पष्ट, मधून एक तिरपी चीर. भिंग आतल्या नाण्यावर रोखलेलं, म्हणून डबीवरची उरलीसुरली धूळ अंधूक दिसत होती, ठसा मात्र लख्ख. म्हणजे तो वरून नव्हताच. आतून होता.

ती चीर मी ओळखली. डब्याच्या पत्र्यानं ह्यांचा अंगठा कापला तेव्हा पट्टी मीच बांधली होती.

सूनबाईनंही ओळखली असावी. तिनं पटकन एक दिवा पलीकडे ढकलला. ठसा गायब! माझ्या कानाशी लागून म्हणाली, “आई, राहू द्या. त्यांना वाईट वाटेल.”

मी तोंड उघडणार होते. पण तिच्या डोळ्यांकडे बघून मिटलं.

“हे काय? पंख मेल्यासारखा दिसतोय,” हे कुरकुरले. “दिवा इकडे हवा.” आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची ह्यांची जुनी सवय, स्वतःच पुढे होऊन दिवा ओढला.

अंगठा परत हजर.

हे वाकले. चष्मा काढला, पुसला, घातला. मग हळूच स्वतःचा अंगठा पडद्याजवळ नेला.

“आतून आहे हा,” हे पुटपुटले. “डब्या बंद कोण करतं?”

“भुतं येतात रात्रीची,” मी म्हटलं.

सूनबाई घाईघाईनं मध्ये पडली. “दिवा पलीकडे केला की दिसत नाही, बाबा. मी बघते पंख कसा उजळायचा ते. कुणाला कळायचंसुद्धा नाही.”

“मला कळलं ना.”

हे सरळ उभे राहिले. मग सदरा वर करून कमरेची किल्ली सोडवू लागले. इतकी वर्षं बांधलेली गाठ, सुटता सुटेना. शेवटी मीच सोडवून दिली. किल्ली ह्यांनी तिच्या तळहातावर ठेवली.

“सगळ्या नाण्यांचे फोटो काढायचेत. आणि आधी ते कपाट जरा पुसून घे बाई. माझ्याच्यानं नीट होत नाही. माझं चुकलं, पोरी.”

सूनबाईनं काळं फडकं उचललं, त्याआड डोळे टिपले, आणि तेच ह्यांच्यापुढे धरलं.

“हे गुंडाळून बसा आधी. पाखरात तुमचा सदरा दिसतोय अजून.”

आणि आयुष्यात कुणाचं न ऐकणारा हा माणूस, काळं फडकं गळ्यापर्यंत ओढून गुपचूप स्टुलावर बसला.