वेदना शून्य

बायकोची गोळी बंद झाली आहे, हे मला तिच्या डाव्या हातावरून कळलं. पक्षाघाताने तिची वाचा गेली होती आणि उजवी बाजूही. उरलेल्या त्या एका हाताने तिने चादर मुठीत आवळून धरली होती.

"खांदेदुखीची गोळी दिली नाही का?" मी सिस्टरला विचारलं.

"डॉक्टरांनी थांबवली, आजोबा. परवापासून."

मी डॉक्टरांकडे गेलो. ते केबिनमध्ये बसून संगणकाच्या पडद्यावरच राऊंड घेत. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. रोज सकाळी सिस्टर प्रत्येक पेशंटची नाडी, रक्तदाब आणि दहापैकी दुखणं किती, हे भरायच्या. हिच्या दुखण्याच्या रकान्यात आठवडाभर शून्य होतं.

"दुखतच नाही, तर एवढी कडक गोळी कशाला? मूत्रपिंडावर ताण येतो."

मी "बरं" म्हणालो. खरंच म्हणालो. इतका संसार करून मला हिचा चेहरा वाचता येत नसेल, असंही मनात येऊन गेलं. वाद घालणं मला जमत नाही. पुस्तकातलं काही पटलं नाही तर मी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढतो, तेही पुसता येईल इतकं फिकट.

वॉर्डात मेहुणी बहिणीचे पाय चोळत बसली होती. मी सांगितलं तशी ती उसळली.

"आणि तुम्ही मान डोलावून आलात? भावजी, उद्या कुणी तुम्हाला मेलात म्हणून सांगितलं तर 'बरं' म्हणून आडवे व्हाल!" मग ती सिस्टरकडे वळली. "हिला बोलता येत नाही. मग हिने तुला शून्य सांगितलं कसं गं?"

"मी शून्य लिहिलंच नाही!" सिस्टर रडकुंडीला आल्या. "यांना सांगता येत नाही म्हणून मी ती जागा रिकामी सोडते. ती भरायलाच हवी असं नाहीये."

मग शून्य आलं कुठून? मेहुणीने मला दंडाला धरून संगणक सांभाळणाऱ्या तरुणाच्या टेबलाशी नेलं. तो डबा उघडून जेवायला बसत होता.

"हां, ते होतं," तो म्हणाला. "आकड्याचा रकाना रिकामा आला की सेव्ह करताना प्रोग्राम अडकायचा. सारख्या तक्रारी. मग मी एक ओळ टाकली, रिकामं असेल तर शून्य धर. तेव्हापासून एकदाही अडकला नाही."

"रिकामं ते रिकामंच ठेवता येत नाही?"

"येतं की. पण तो आकडा जिथे जिथे वापरलाय तिथे सगळीकडे तपासत बसावं लागतं. आणि काका, रिकामं काय, शून्य काय, एकच ना!"

मी त्याचा डबा उचलला.

"अहो, काय करताय?"

"भूक किती आहे, हे तू कुठे लिहिलंयस? लिहिलं नाहीस, म्हणजे भूक शून्य!" मी ओरडत होतो. आजूबाजूची दारं उघडली. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. हातातला डबा तसाच घेऊन मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरलो आणि म्हणालो, "उठा. पलंगापाशी चला."

ते उठले. बहुधा मला वेड लागलंय असं वाटून उठले. हिच्याजवळ येऊन त्यांनी खांदा जरासा उचलला मात्र, हिच्या घशातून असा आवाज निघाला की मेहुणीने तोंडावर पदर धरला. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"सिस्टर, गोळी द्या. आत्ता."

ते जायला निघाले. मी दारात उभा राहिलो.

"या वॉर्डात बोलता न येणारे आणखी चौघं आहेत. त्यांचंही शून्यच असणार."

"बघतो मी केबिनमध्ये जाऊन."

"पडद्यावर नाही. इथे."

"भावजी, हळू," मेहुणी कुजबुजली, "लोक झोपलेत."

"झोपलेत की नुसते गप्प आहेत, ते कुणी पाहिलंय?"

  मी दारातून हललो नाही. शेवटी डॉक्टरांनी चष्मा सारखा केला आणि ते पुढच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याजवळ जाऊन वाकले.