बायनाबाईनं फोन झाडला

आमच्या आंध आदिवासींच्या वाडीला रेंज येते ती एकाच ठिकाणी, डोंगरावरच्या हिवराखाली. तिथं मी एकदा फोन जरा उंच धरला, तर चंद्रावरून कुणीतरी "राँग नंबर" म्हणालं. खोटं वाटत असेल तर हिवराला विचारा. त्याच झाडाखाली दर मंगळवारी पंकजा आम्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांना फोन शिकवायची. वाडीची सून, बारावी झालेली. फी नाही, हजेरी नाही.

बायनाबाई आली ती एकाच कामासाठी. तिचा लेक शिवशंकर ऊसतोडीला गेला आणि आठव्या दिवशी ट्रॉलीखाली सापडला. तिकडं पोचल्यावर त्यानं पाठवलेला आवाज तेवढा फोनात राहिला. रोज कुणाच्या तरी हातापाया पडून ती तो लावून घ्यायची. डोळे मिटून, फोन कानाला चिकटवून. लावणारा बहुतेक मीच.

"पंकजा, मला माझ्या हातानं लावायचंय. किती दिवस लोकायच्या दारात उभं राहू?"

पंकजानं फोन पाहिला. "मावशी, ह्याच्यात जागाच न्हाई. आधी नको ते पुसायला शिका. लावायचं पुढच्या मंगळवारी." बोट कसं दाबून धरायचं, मग डब्याच्या चित्रावर कसं टेकवायचं, तेवढं तिनं दाखवलं.

माझी जीभ वळवळली. "बायनाबाई, झटक्यात करा. फोनचं पोट भरलं की त्यो मेलेली माणसं आधी भाईर काढतो."

सगळे हसले. "सटवाजीमामा, तुमी गप बसा," पंकजा म्हणाली. बायनाबाई हसली नाही.

पुढच्या मंगळवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती.

"बघ, एकटीनं झाडला! तोंडं दिसायली ती ठेवली. नुसत्या उभ्या रेघा होत्या, ते रिकामं समदं काढलं. आता माझ्या लेकराला लय जागा झाली."

आवाज फोनात दिसतो तो रेघांचाच, हे तिला आम्ही कुणी सांगितलंच नव्हतं. पंकजानं वर सरकवलं, खाली सरकवलं. मग सांगावं लागलं, रेघांबरोबर शिवशंकरचा आवाजही गेला.

"परत येत न्हाई?"

पंकजानं मान हलवली. बायनाबाई माझ्याकडं वळली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"भाऊ, तुमी लय डाव ऐकलंय. काय म्हणला होता त्यो? तुमचं काई मिसळू नका."

मी सांगितलं. "माय, पोचलो. हितं थंडी लय हाय. शेळीला पाला टाक. ठेवतो."

"यवढंच?"

"यवढंच."

"न्हाई. मोठं होतं ते. तुमी इसरलाव. आठवा."

मी आठवत बसलो. आणखी काहीच नव्हतं.